टिल्ली सहाव्या चौकटीत नाही

११ जानेवारी

कार्टे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचा पत्ता तू दिलेला नाहीस आणि मी तो कोणाकडे मागितलेला नाही. फोन तू उचलत नाहीस. चार वर्षं झाली, आता त्यावर कुरकुर करणार नाही. माफी मागायला लिहीत नाहीये हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत ती शोधत बसायला नको.

एक गंमत झाली, ती सांगायची होती. दुसऱ्या कोणाला सांगितली तर हसतील, आणि ही गंमत असली तरी तिच्यावर कोणी हसलेलं मला नकोय.

जानेवारीच्या अंकात, मुलांच्या मासिकाच्या शेवटच्या पानावर, माझ्या चित्रकथेच्या सहाव्या चौकटीत टिल्ली नाही. पान आहे, सहाच्या सहा चौकटी आहेत. पहिल्या पाचांत टिल्लीबाईसाहेब मांजराला आंघोळ घालायला निघाल्यात आणि मांजर कपाटावर चढून बसलंय. सहाव्या चौकटीत न्हाणीघराचं उघडं दार, सांडलेली बादली, भिजलेलं मांजर, आणि वर बोलण्याचा एक फुगा, "थांबा, मी आलेच". फुग्याची शेपटी खाली येते, आणि तिच्या टोकाशी कोणी नाही. पोरीएवढी पांढरी जागा तेवढी सोडलेली आहे.

माझी कामाची रीत तुला ठाऊक आहे. आधी भिंती, मग दारं-खिडक्या, मग सामान, मग बाकीची माणसं, आणि सगळी शाई वाळली की सर्वांत शेवटी टिल्ली. घर आवरून झालं की मगच पोरीला खेळायला सोडायचं, असं मी तुला सांगायचे. तर त्या दिवशी घर आवरून झालं, पाच चौकटींत तिला सोडलं, सहावीकडे पाहिलं, आणि मला टिल्ली तिथे आधीच दिसली. दोन वेण्या, पडलेला दात, फ्रॉकचा उसवलेला खिसा, सगळं जागच्या जागी. मी पान पाकिटात घातलं आणि पाठवून दिलं.

संपादकांनी ते पाहिलं. (जुने गेले. हे नवे तुझ्याच वयाचे आहेत, मला 'ताई' म्हणतात आणि मी काचेची असल्यासारखं जपून बोलतात.) मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी पाहिलं, छापखान्याने छापलं. इतक्या मोठ्या माणसांतून एकालाही कळलं नाही, कारण प्रत्येकाला ती तिथे दिसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे काख रिकामी आणि अख्खा गाव कळसा बघतोय.

पोरांना मात्र लगेच दिसलं. मासिकाच्या कचेरीत फोन सुरू झाले. संपादक सांगत होते की "काढायला विसरलात का" असं एकाही मुलाने विचारलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, ती कुठे गेली.

डोळे तपासून आले. चष्म्याचा नंबर तोच आहे. हात कापत नाहीत. मन ठिकाणावर आहे की नाही ते डॉक्टरांनी तपासलं नाही, मीही सुचवलं नाही.

बाकी ठीक. खालच्या शिंप्याने नवं मशीन घेतलंय, त्याच्या खडखडाटाने माझा बोर्ड हलतो. तुला काही हवं असेल तर कळव. कळवणार नाहीस, माहीत आहे.

आई


१९ फेब्रुवारी

कार्टे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मी जिन्यात काहीतरी काम काढते, हे त्यालाही कळून चुकलंय.

टिल्ली मला काढता येत नाही.

नीट समज. वेण्या येतात. नाकाचा ठिपका येतो, पडलेल्या दाताची फट येते, कोपरावरची पट्टी येते. एकेक अवयव बरोबर आहे आणि सगळं मिळून ती नाही. फेब्रुवारीच्या पानासाठी मी तिला इतक्या वेळा काढलं की खोडून खोडून कागदाला लव आली. पंचवीस वर्षं जे पोर मी फोनवर बोलता बोलता भाजीच्या पिशवीवर काढायचे, ते पेन्सिलीच्या टोकापाशी येतं आणि मागे सरतं. कान पकडावा इतकं जवळ असतं, आणि हात घातला की नसतं.

बुद्धिभ्रंश झाला की काय म्हणून एक चित्र खालच्या शिंप्याला दाखवलं. त्याची तिन्ही मुलं या पानावर वाढली, तो स्वतः अजून वाचतो. त्याने चष्मा वर सरकवला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही पाहुणी कोण?" मग माझा चेहरा बघून म्हणाला की तशी बरी आहे मुलगी. संपादकही तेच म्हणाले, फक्त शिकलेल्या भाषेत. त्यांच्या मते 'व्यक्तिरेखेचा सूर लागत नाहीये'.

शेवटी पान तसंच गेलं. रिकामं घर, सहा खोल्या, सहा चौकटी, कोणीच नाही. संपादकांना त्यातून युक्ती सुचली. पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरात छापलं, 'टिल्ली कुठे गेली? तुम्हाला काय वाटतं, चित्र काढून पाठवा.' त्यांच्या अंगात हुशारी आहे, नाही म्हणत नाही. हात दाखवून अवलक्षण झालं होतं, त्याची त्यांनी स्पर्धा केली.

आता तू मनात काय म्हणत असशील ते मी इथे बसून ऐकू शकते. म्हणशील, बरं झालं, गेली ती.

बुटाच्या पानाबद्दल मी आजवर काही बोलले नाही, आज बोलते. ते माझं सगळ्यांत गाजलेलं पान आहे. टिल्ली बाबांचा एक बूट पिठाच्या डब्यात लपवते, बाबा घरभर शोधतात आणि शेवटी एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून ऑफिसला जातात. लोक अजून ते पान कापून भिंतीला लावतात. तुझ्या ऑफिसातल्या कोणीतरी टेबलावर लावलं होतं, त्यात माझा काय दोष? तू फोन केलास तो शब्द न् शब्द मला पाठ आहे. "आई, तो विनोद नव्हता. ते घर सोडून चालले होते, आणि मी त्यांना अडवत होते." मी म्हणाले, पान चांगलं झालंय.

झालंच होतं चांगलं. तुझे बाबा त्या दिवशी माझ्या चपला घालून गेले आणि परत आले नाहीत. ते मी तसंच काढलं असतं तर कोणत्या मुलाने वाचलं असतं? सहा वर्षांची पोर पदरात, हातात एक निब, आणि महिन्याला एक पान हसरं हवं. मी हसरं दिलं.

पण तू पुढे जे बोललीस ते माझ्या घशात अजून अडकलंय. तू म्हणालीस, माझा पडलेला दात तिला दिलास, माझं बोबडं बोलणं तिला दिलंस, शाळेत मी खडू चोरले तेही तिला दिलेस. आता मला माझं काही आठवायला गेलं की तुझी चौकट आठवते. माझ्याकडे माझं काही उरलेलंच नाही.

यावर मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, म्हणून मी फोन ठेवला. तुला वाटलं मी रागावले. तसंच वाटू दिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ तू माझ्याकडूनच घेतलायस.

आई


२४ मार्च

बाळ,

हे पत्र नीट बसून वाच. घाईत असशील तर बाजूला ठेव.

मुलांची चित्रं आली. पोती भरून आली. संपादकांनी ती माझ्याकडेच पाठवली, कारण निवड मी करायची आहे. शिंपी आणि मी मिळून ती जिन्यातून वर आणली. पुढच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावलं आणि जमिनीवर चित्रं पसरली. आता स्वयंपाकघरात जायचं तर मला चवड्यांवर चालावं लागतं.

सुरुवातीची तुला वाटतील तशीच होती. टिल्ली चंद्रावर, टिल्ली सर्कशीत, टिल्ली माशाच्या पोटात. मी हसत होते, चहा पीत होते, बरी बरी चित्रं वेगळी काढत होते. मग एक चित्र आलं, त्यात टिल्ली नुसती आमच्या गल्लीतून चालली होती. आमची गल्ली मी कधीच काढलेली नाही. पान सगळं घरातच घडतं, तुला माहीत आहे. तरी कोपऱ्यावरचा वाकलेला दिव्याचा खांब होता, शिंप्याच्या दुकानाबाहेरचा मान नसलेला पुतळा होता. म्हटलं, असेल जवळपासचं पोर. पाकिटावरचा शिक्का पाहिला. एक दिवस रेल्वेने जावं लागेल इतकं लांबचं गाव.

मग मी शिक्के बघत बघत चित्रं तारखेप्रमाणे लावली. तसं करायला नको होतं असं आता वाटतं. आधीच्या तारखांना ती आमच्या गल्लीत आहे. मग बसथांब्यावर. मग एका लांब पुलावर, पुलाला लोखंडी कमानी. मग एका रस्त्यावर, जिथे दाताच्या डॉक्टरची पाटी आहे, माणसाएवढा मोठा पांढरा दात. मुलांना दात काढायला आवडतोच, पण शंभर गावांतल्या शंभर मुलांनी एकाच दाताला डावीकडे एकच तडा का काढावा? आणि सगळ्यांत अलीकडच्या चित्रांत एका इमारतीला बाहेरून लोखंडी जिना आहे, जिन्याच्या कठड्याला साखळीने बांधलेली एक सायकल आहे. तिला पुढचं चाक नाही.

तू म्हणशील, पोरांची चित्रं, चाक काढायचं राहिलं असेल. कार्टे, मी आयुष्यभर हेच केलंय. लहान मूल कशाचं नसणं काढत नाही. सायकल म्हटली की दोन चाकं. एक चाक भिंतीआड असलं तरी मूल ते भिंतीवर काढून दाखवतं. घोड्याचे चारही पाय दिसायलाच हवेत, माणसाचे दोन्ही हात दिसायलाच हवेत. चाक नसलेली सायकल फक्त तेच मूल काढेल, ज्याने ती समोर उभं राहून पाहिलीय.

प्रत्येक चित्रात तिची पाठ आहे. तोंड कोणीच काढलेलं नाही. आणि काखेत बूट आहे. ते मला पटलं होतं, बुटाचं पान सगळ्यांनी वाचलंय. पण माझं पान काळ्या शाईचं असतं, आणि या पोरांनी बूट निळा रंगवलाय. एकाने नाही, सगळ्यांनी. कापडी, निळा, टोकाला पांढरं रबर. तो बूट निळा होता हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुझ्या बाबांना.

संपादकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, मुलं एकमेकांचं बघून काढतात, ताई. शंभर गावांतली मुलं एकमेकांचं बघून कशी काढतील, असं विचारल्यावर ते म्हणाले की तुम्ही थोडी विश्रांती घ्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

मला भीती वाटतेय. असं मी तुला कधी सांगितलं नव्हतं, तू लहान असताना तर नाहीच. आज सांगते.

एवढंच कळव की तुझ्या घराजवळ असा दात आहे का. नुसतं हो किंवा नाही लिही.

आई


२२ एप्रिल

बाळ,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी तीन ओळी. पोस्टमनने ते माझ्या हातात देताना अशी मान हलवली की जणू त्याच्या घरचंच कार्य पार पडलं.

"माझ्या घरावर पाळत ठेवायला कोणाला पाठवलंस? सायकलचं चाक काल चोरीला गेलं, आणि तुझ्या पत्रावर चोवीस मार्च आहे. हे थांबव."

मी ते कार्ड दाराशीच उभी राहून वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं. आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी तुझ्यावर पाळत ठेवेन? मला जिना चढताना धाप लागते. मग चाकाचं लक्षात आलं, आणि राग कुठच्या कुठे गेला. पोरांनी ती सायकल मार्चमध्ये काढली होती. तेव्हा तू तिच्यावर बसून रोज ऑफिसला जात असशील.

थांबव म्हणतेस. मी काय थांबवू? मी तिला काढतच नाहीये. दोन महिने तिच्यापुरती माझी निब कोरडी आहे.

पण मीही हात जोडून बसलेली नाही. मी तिला परत आणायचा एक घाट घातला. एप्रिलच्या पानावर मी घर काढलं, आजवर काढलं नव्हतं इतकं जीव ओतून. तिच्या पलंगावर चादर दुमडून ठेवली, खिडकीत मांजर बसवलं, टेबलावर कपभर दूध, वाफेसकट. दार सताड उघडं ठेवलं. सहाही चौकटींत तिच्यापुरती जागा सोडली आणि सकाळभर त्या जागांकडे बघत बसले. तू लपून बसलीस की मी अशीच बसायचे, तुला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे की आता मी एकटीच सगळा खाऊ संपवते. मग तू कपाटातून बाहेर यायचीस.

ती आली नाही. पान तसंच छापलं गेलं. आठवड्याभरात एका मुलाचं पत्र आलं, वळणदार अक्षर, दुसरी-तिसरीतलं असेल. त्याने लिहिलं होतं, "दूध ठेवू नका. आता ती मागे येणार नाही, ती पोचतच आली आहे."

पत्र शिंप्याला दाखवलं. तो नेहमी काहीतरी थट्टा करतो. आज तो म्हणाला की मुलीला एकदा फोन लावा. मी म्हटलं, उचलत नाही. तो म्हणाला, मग तिच्याकडे जा. मी म्हटलं, बोलावल्याशिवाय मी कोणाच्या दारात जात नाही. तो खाली गेला, आणि दुपारभर त्याचं मशीन बंद होतं.

नवीन चित्रांत ती लोखंडी जिना चढतेय. पायऱ्या तिला उंच पडतात, म्हणून एका हाताने कठडा धरलाय. तिसऱ्या मजल्यावर वळते. तिथे पायपुसणं आहे, कडेने उसवलेलं. दार हिरवं आहे, आणि पाटीवर नाव नाही.

तुझ्या दाराचा रंग मी विचारणार नाही. तू विचार कर.

आई


१७ मे

माझ्या सोन्या,

लिहू नकोस असं तू कार्डावर लिहिलेलं नव्हतंस, थांबव एवढंच लिहिलं होतंस. त्या फटीतून हे शेवटचं पत्र सरकवतेय. यानंतर नाही लिहिणार.

स्पर्धा मार्चमध्येच संपली. बक्षीस कोणालाच दिलं नाही, उत्तेजनार्थ म्हणून सगळ्यांना रंगपेट्या पाठवल्या. संपादकांना आता हा विषय नकोय. ते परवा स्वतः घरी आले, जमिनीवरची चित्रं पाहिली आणि बूट काढून दारातच उभे राहिले, आत पाऊल टाकेनात. मग म्हणाले की आपण नवीन पात्र सुरू करू, मुलगा घेऊ, खोडकर. मी म्हटलं, घ्या. त्यांना वाटलं होतं मी भांडेन. टिल्लीचं काय छापायचं असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, ती घरी गेली असं छापा. मग मी आत जाऊन तोंड धुतलं.

चित्रं मात्र अजून येताहेत. पोती नाहीत, रोज चार-दोन पाकिटं. मासिकाला कोणी पाठवत नाही, सरळ माझ्या पत्त्यावर येतात. पत्ता त्या पोरांना कोणी दिला ते आता मी विचारत नाही.

सगळ्यांत ती तुझ्या दाराशी उभी आहे. आठवड्यांमागून आठवडे तिथेच. बेलपर्यंत तिचा हात पुरत नाही. दार वाजवत असेल, पण पोरांनी तिचा हात इतका बारीक काढलाय की आवाज कितीसा होणार? काही चित्रांत पाऊस आहे, काहींत ऊन आहे, ती हललेली नाही. आणि एक गोष्ट मला फार लागलीय. ही मुलं खडू दाबून दाबून रंगवतात. भिंत, दार, जिना, सगळं घट्ट रंगाचं. तिच्यापाशी आली की प्रत्येकाचा हात हलका होतो. आधी फ्रॉक लाल होता, मग गुलाबी झाला, आणि कालच्या पाकिटात तो जवळजवळ कागदाच्याच रंगाचा होता. वेण्या नुसत्या रेघा. बूट तेवढा निळा आहे. मला ठाऊक आहे हे पुढे कुठे जातं. मी ते जानेवारीत पाहिलंय, सहाव्या चौकटीत. पोरीएवढी पांढरी जागा राहील, आणि यावेळी ती कोणालाच दिसणार नाही, पोरांनाही नाही.

काही चित्रांत वरच्या खिडकीत एक बाई आहे. तिने केस कापलेत, अगदी कानापर्यंत. कधी कापलेस? मला आवडले असते असं नाही, पण बघायला आवडलं असतं. बारीक झालीयस असं दिसतं. अर्थात पोरं सगळ्यांनाच काडीसारखं काढतात, त्यामुळे ते मी धरत नाही. ती बाई बाहेर बघते, लांब, पुलाच्या दिशेला. दारात कोण आहे ते खिडकीतून दिसत नाही. चार वर्षांनी मी तुला पाहिलं ते असं, चार वर्षांच्या कोण्या पोराच्या हाताने, हिरव्या खडूने काढलेलं. मी ते चित्र उशाशी ठेवलंय. बाकीची गुंडाळून कपाटात घातली.

मी येणार नाही. मानापमानाची गोष्ट नाही, ते सगळं आता गेलं. मी आले तर तू मला आत घ्यायचं की नाही याचा विचार करशील, आणि तेवढ्यात ती बाहेरच राहील. आत्ता मला आत यायचं नाहीये.

मी तिला परत बोलावून पाहिलं. ती माझ्या हाताला लागत नाही, आणि आता मला कळलंय की माझ्या हातची ती कधी नव्हतीच. मी नुसत्या चौकटी आखल्या. हसणं तुझं होतं, दात तुझा होता, बूट तू लपवला होतास आणि रडतही तूच होतीस. ते रडणं मी पुसलं आणि वर फुगा काढला. तू म्हणालीस तुझ्याकडे तुझं काही उरलं नाही, आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. उत्तर तिलाच सुचलं. उठली आणि चालू लागली, एवढंसं पोर, एवढ्या लांब.

म्हातारीला वेड लागलंय असं तुला वाटेल. लागलं असेल. तरी एकदा ऊठ आणि दार उघड. बाहेर कोणी नसलं तर मला फोन करून हव्या तितक्या शिव्या घाल, मी मध्ये बोलणार नाही. पण उघडशील तेव्हा समोर बघू नकोस, खाली बघ. ती तुझ्या कमरेएवढीच आहे. दमली असेल, आधी बसव. घाबरू नकोस, ओरडू नकोस, तिच्या हातातलं काही काढून घेऊ नकोस.

आपणहून ती बोलणार नाही. आजवर तिच्या तोंडचा शब्द न् शब्द मी लिहिलाय, स्वतःचं बोलायची तिला सवय नाही. तिला काय म्हणायचंय ते तू विचार, सगळं ऐकून घे. आणि ती काय म्हणाली ते मला सांगू नकोस.

आई